बाजल्यामागचे तीन चोर

शब्बीरनं पेटीचा भाता हलवला, पडद्याआडून त्याच्या बायकोनं, अजीजुन्निसानं, दिव्यावरचं झाकण काढलं, आणि भर दुपारी वेल्ह्याच्या बाजारात चांदण्या उगवल्या.

तंबू घोंगड्यांचा. आत डोक्यावर पांढरं धोतर ताणलेलं. मधोमध रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याचा एक गोल घुमट, त्याला शेकड्यानं भोकं, आणि पोटात दिवा. भोरात चाळण्या आणि कंदील करणाऱ्या शब्बीरनं शाळेच्या मास्तरांकडचा आभाळाचा नकाशा त्या पत्र्यावर डकवून एकेक भोक खिळ्यानं पाडलं होतं. दोन महिने घरात नुसती ठोकठोक. आता अजीजुन्निसानं दांडा फिरवला की आभाळ उगवतीकडून मावळतीकडं सरकायचं, आणि शब्बीर पेटीवर चाल धरायचा.

"दिसल्या गं फुले, दिसल्या!" सखूबाई ओरडली. "शेंगदाण्याएवढ्या हायत्या बघ."

"हळू, आत्याबाई. समदी बघत्यात," सून म्हणाली.

"बघू दे. मला दिसलं तर त्यांच्या पोटात का दुखतंय?"

म्हातारीचं काही खोटं नव्हतं. सहा वर्षं झाली, मोतीबिंदूनं तिची एक चांदणी शाबूत ठेवली नव्हती. वैद्य म्हणाला होता, चैत्रापर्यंत उरलासुरला उजेडही जाईल. मग कुणीतरी त्यांच्या गावात, गुंजवण्यात, येऊन सांगितलं, वेल्ह्यात चांदण्या हाताशी आणल्यात म्हणे. झालं! तिनं सुनेचा पिच्छाच पुरवला. "एकडाव मला बाजलं बघू दे, मग खुशाल मिटू देत डोळं." शेवटी फुलाबाईनं तिचा हात धरून सगळी वाट चालवत आणली होती.

"हे सप्तर्षी," शब्बीर काठीनं दाखवत म्हणाला.

"आमी त्येला बाजलं म्हनतो, म्हंजी खाट," सखूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चार चांदन्या म्हंजी बाजल्याचं चार खूर. आन् ह्ये तीन, चोर."

ती मान वर करून बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"आरं बाबा, ह्ये काय रं? चोर पुढं आन् बाजलं मागं? बाजलं काय चोरान्ला धराया निघालंय व्हय?"

तंबूत हशा पिकला. शब्बीरचे कान तापले. दोन महिन्यांची मेहनत, आणि ही म्हातारी त्याच्यात खोट काढते!

"आजी, छापील नकाशावरनं केलंय. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय."

"डोळ्यांत असंल. गळ्यात न्हाई." आणि तिनं जात्याला बसल्यासारखी मांडी घातली, हात गोल फिरवला आणि फाटक्या आवाजात ओवी उचलली.

*पुढं चाललं गं बाजलं, मागं येत्याती तीन चोर,*
*त्यांना सांगा कुनीतरी, माजं धनी खळ्यावर.*

हसणं आपोआप थांबलं. दोनचार बायकांनी मागून सूर धरला. त्यांच्याही आया हेच सांगत आल्या होत्या, बाजलं पुढं आणि चोर मागं. शब्बीरची बोटं पेटीवर ओवीच्या मागोमाग गेली आणि मधेच थांबली.

"या अल्ला," तो पुटपुटला. नकाशा त्यानं पत्र्याला बाहेरून डकवला होता. लोक धोतरावर पडलेलं तेच आभाळ बघत होते आतून. सदरा उलटा घातला की खिसा दुसऱ्या अंगाला जातो, तसं सगळं आभाळच उलटं झालं होतं. वैतागून त्यानं काठी खाली टाकली.

"आजी, तुमचंच खरं. माझंच चुकलं."

"अवो," पडद्याआडून अजीजुन्निसा म्हणाली, "दांडा उलटा फिरवू का? मग बाजलं पुढं जाईल."

"आणि चांदण्या मावळतीला उगवतील, त्याचं काय? सगळी रात माघारी चालल्यागत दिसंल. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"फिरव गं लेकी," सखूबाई म्हणाली. "माघारीच फिरव."

शब्बीरनं तिच्याकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात जोडले होते. त्यानं पेटी पुढ्यात ओढली आणि बायकोला म्हणाला, "फिरव."

आभाळ कुरकुरलं आणि मावळतीकडून उगवतीकडं निघालं. आता बाजलं पुढं, तिन्ही चोर रांगेत मागं. पेटीवर ओवीचीच चाल सुरू झाली, पण सखूबाई आता गात नव्हती. तिचे डोळे वाहत होते, आणि ती पुसतही नव्हती.

"ह्ये बाजलं खळ्यावर दावलं हुतं त्यांनी मला," ती सुनेला म्हणाली. "लगीन हून म्हैनाबी झाला नव्हता. भाताच्या राशीला राखन हुती. म्या म्हनलं, चोर आलं तर? तर धनी म्हनलं, तू नीज, म्या जागा हाय."

सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि म्हातारी त्यांच्याबद्दल एक अक्षर कधी बोलली नव्हती. फुलाबाईनं सासूचा हात आपल्या हातात घेतला.

दिव्यातलं तेल सरत आलं. बाहेर पुढच्या खेळाची माणसं घोंगडी बाजूला करून आत डोकावू लागली. उजेडाची एक पट्टी आत आली.

"चला, आत्याबाई. खेळ सपला."

सखूबाईनं त्या उजेडाच्या बाजूनं डोळ्यांपुढं पदर धरला आणि पडद्याकडं तोंड करून म्हणाली, "आनिक थोडं माघारी घे गं लेकी. अजून खळं आलं न्हाई."