आधी लग्न, मग गुडघा

"पोरी, वाईच पानी आन बरं," मुलाच्या आई, कौशल्याबाई, म्हणाल्या आणि बैठकीतल्या सगळ्यांच्या नजरा तेजस्विनीच्या पायांकडे वळल्या. तहान कुणालाच लागली नव्हती. मुलगी चालते कशी ते बघायची ही जुनी रीत. तिची तालीम तेजस्विनीने आठवडाभर आईसमोर केली होती. साडीखाली उजव्या गुडघ्याला पट्टा करकचून बांधलेला होता. ती गेली, तांब्या-पेला घेऊन आली, वाकून नमस्कारही केला. तेव्हा कुठे तिच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, रोखलेला श्वास सोडला.

गुडघा गेला होता कबड्डीत. चढाई करून परतताना पाय जागच्या जागी फिरला आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. लिगामेंट. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली, त्यात नाव लागलं की खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात जायचं, एवढंच स्वप्न तिने शाळेपासून जपलेलं. चौघींनी उचलून बाहेर नेताना ती रडत होती, पण दुखण्याने नव्हे, भीतीने.

चिंचवडच्या फिजिओथेरपिस्ट तनुजाताईंनी तिला आधी मांडी कमवायला लावली. "मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा राखणदार," त्या म्हणायच्या. पायाला वाळूची पिशवी बांधून तेजस्विनी घाम गाळत राहिली. एक दिवस ताईंनी मांडी चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "सूज उतरलीय, मांडी तयार आहे. ऑपरेशनची हीच वेळ. वर्षभरात मैदानात उतरशील. लांबवलंस तर गुडघा सारखा सटकेल, आतली गादी फाटेल आणि मांडी सुकत जाईल."

ऑपरेशनची तारीख ठरली आणि नेमकं त्याच आठवड्यात पिंपळे सौदागरचं स्थळ चालून आलं. मुलगा निरंजन, चाकणच्या कंपनीत इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, वर हुंडा नको. उभा जन्म कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसशॉपमध्ये काढलेल्या हिंदुरावांना देव पावल्यासारखं झालं.

"कुबड्या घिऊन बसलेली पोर कोन पसंत करल?" ते म्हणाले. "आधी लगीन हुंदे. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुडघा काय पळून जातोय व्हय?"

तेजस्विनीला ओरडावंसं वाटलं. पण बापाचा चेहरा इतका उजळलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिने जीभ आवरली.

पसंती झाली, सुपारी फुटली, मग मध्येच अधिक महिना आडवा आला आणि मुहूर्त लांबला. घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली. कुणी बघेल म्हणून आईने वाळूची पिशवी माळ्यावर टाकली आणि व्यायाम तिथेच संपला. माणसं मुहूर्ताची वाट बघतात, मांडी बघत नाही. अंगासरशी बसणारी ट्रॅकपँट उजव्या पायावर लोंबायला लागली. दोनदा जिन्यात गुडघा सटकला, दोनदा तिने ओठ चावून कळ गिळली. शेवटी एकदाचं घोडं गंगेत न्हालं. पाठवणीच्या वेळी हिंदुराव ढसाढसा रडले, आणि त्यात सुटकेचे अश्रूही होते.

श्रावणात सासरी सोसायटीतल्या बायकांनी मंगळागौर मांडली. नव्या नवरीला फुगडी चुकते थोडीच! तिसऱ्या फेऱ्यातच तेजस्विनी कोसळली. गुडघा वाकलेला तो वाकलेलाच राहिला, सरळ होईना. तनुजाताईंनी तो कसाबसा मोकळा केला, एमआरआय काढून आणायला लावला, आणि तो बघताना त्यांचा चेहरा उतरला.

"गादी फाटली गं. मांडी तर निम्मीही उरली नाही. आता लगेच ऑपरेशन केलंस आणि दीड-दोन वर्षं जीव तोडून राबलीस, तर खेळायची थोडी आशा आहे. अजून थांबलीस तर तीही नाही."

त्या संध्याकाळी कौशल्याबाई हॉलमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. निरंजन सोफ्यावर मोबाईल बघत होता. तेजस्विनी भिंतीचा आधार घेत समोर येऊन उभी राहिली. आता माहेरचा उद्धार होणार, वडिलांना, अण्णांना, बोलावून सासू पाणउतारा करणार, हे ती धरूनच चालली होती.

"आई, आम्ही तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "माझा गुडघा लग्नाआधीच गेला होता. काय बोलायचं ते मला बोला, अण्णांना काही म्हणू नका. पण मला ऑपरेशन करू द्या. मला परत खेळायचंय."

 कौशल्याबाईंनी मात्र मान वर केली नाही. मेथीची एक काडी खुडून पानं परातीत टाकली.

"आता कशाला आपरेशन? घरातल्या घरात चालतीस की चांगली."

"घरातलं नाही हो आई. मैदानावरचं म्हणतेय मी." तिने निरंजनकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा ना यांना."

 निरंजनने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला आणि तो खाली बघत राहिला.

"त्यो काय सांगनार?" कौशल्याबाई म्हणाल्या. "तू कबड्डीत पडलीस त्या दिशी ह्यो पहिल्याच रांगेत बसलावता. दोन वरसं तुज्याच नावाचा हट्ट धरलावता त्यानं, आन् मीच आडून बसलेवते, गावोगाव खेळत हिंडनारी सून मला न्हाई चालायची म्हनून. तुला मैदानातनं उचलून नेली ना, त्याच सांजंला म्या त्याला म्हनलं, आता घाल मागनी."