शेवटचा नट
मनगटापाशी हात अडकला, तसा त्याने तो चरफडत बाहेर ओढला. जुना अल्टरनेटर इंजिनामागे पार खाली होता. शेवटचा नट पान्याने सैल केला होता, पण बोटं काही तिथवर पोचेनात.

"मी बघू?" चहा घेऊन आलेल्या आईने विचारलं. तिने बांगड्या काढल्या आणि त्या भरताना कासारापुढे धरतात तसा अंगठा मुडपून हात आत सरकवला. थोड्या वेळाने नट तिच्या तळहातावर होता.

त्याला तिच्याकडे बघवेना. दुपारी गाडीत बसून रेडिओ ऐकणं हा तिचा एकच विरंगुळा. परवा सकाळी गाडी सुरू होईना, तेव्हा "तुझ्या गाण्यांनी बॅटरी उतरते," म्हणत त्याने पाहुण्यांदेखत तिच्याकडून किल्ली काढून घेतली होती. नवी बॅटरीही उतरली, तेव्हा कळलं, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच गेला होता. हे तिला सांगायला मात्र त्याची जीभ रेटली नव्हती.

नवा अल्टरनेटर बसला, गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्याने ती बंद करून किल्ली आईपुढे धरली. "बस, गाणी ऐक."

"नको रे बाबा." तिने काळा झालेला हात पाठीमागे नेला. "परत माझ्यामुळे बॅटरी उतरायची."