तांदूळ निवडायला

"बाने, तंबूत ये. तांदूळ निवडायचेत."

मुकादम हैबतरावानं हाक मारली आणि रांगेतल्या बायांची तोंडं खाली गेली. हात मात्र थांबले नाहीत. माले गावाजवळच्या ओढ्यावर पुलाचा स्लॅब चालला होता. खाली पत्र्यावर गडी सिमेंट, वाळू आणि खडी कालवत होते, आणि तो माल घमेल्यांतून अठरा बायांच्या हातोहात वर जात होता. वर कोंडिबा गवंडी तो पसरत होता. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबायचं नसतं. थांबला की सांधा पडतो, आणि तो जन्मभर गळतो. बासष्टची निवडणूक तोंडावर होती, आणि चार वाजता काम बघायला साहेबांची जीप येणार होती.

तांदूळ निवडणं म्हणजे काय, हे रांगेत कुणाला सांगायला नको होतं. एकट्या माणसाच्या भाताला किती तांदूळ लागतात आणि त्यातले खडे काढायला किती वेळ लागतो, एवढं भातखाचरात जन्म काढलेल्या बायांना कळतं. बोलावणं आलं की बाई घमेलं ठेवून जायची. शेजारची एक पाऊल सरकून तिची जागा भरायची, आणि माल पुढं जात राहायचा. बाई परत आली की तिच्याकडं कुणी बघायचं नाही. तिला त्या दिवशी रांगेच्या खालच्या टोकाला, जिथं चढ नाही तिथं, उभी करायच्या. तेवढीच काय ती माया.

सोमवारी सारजाबाई गेली होती. तेव्हापासून ती कुणाशी बोलली नव्हती.

बानूच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. ती जागची हलली नाही.

"मला तांदूळ निवडाया येत न्हाई," ती म्हणाली. "आमी मेंढरं राखणारी माणसं. आमच्यात भाकरी असती."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हैबतराव चढ उतरून जवळ आला. आवाज चढवायची त्याला कधी गरज पडत नसे.

"न्हाई येत तर शिकवतो. आन् शिकायचं नसंल तर उद्यापासनं तू नगंस, आन् सुरुंगावरचा तुझा गेणू बी नगं. का काढलं म्हणून इचारलं त्यानं, तर काय सांगशील?"

मेख तिथंच होती. गेणूला खरं सांगावं, तर तो पहार घेऊन धावून येणार आणि तुरुंगात जाणार. न सांगावं, तर बाईनंच काही केलं असेल म्हणायला लोक मोकळे. बानूनं वर टेकाडाकडं पाहिलं. गेणू पाठमोरा उभा राहून खडकात पहार मारत होता. तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि रांगेबाहेर पाऊल टाकलं. सतरा बाया बघत होत्या आणि सतराजणींना शरम वाटत होती. शरमेनं आजवर कुणाची सुटका झाली आहे?

बानूशेजारी साळूबाई उभी होती. रांगेतली सगळ्यांत जुनी. सरकायचं तिनंच होतं. अशा किती जागा तिनं भरल्या होत्या, आणि दर वेळी तीच म्हणायची, "भरा गं जागा, माल वाळतोय." आताही सवयीनं तिचा पाय उचलला.

"मावशी, हलू नगा."

सारजाबाई बोलली होती. ती रिकाम्या जागेच्या पलीकडं उभी होती. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. पुढचं घमेलं घ्यायला पसरलेले तिचे हात तसेच होते, मोकळे.

साळूबाईनं पाय होता तिथं परत ठेवला. तिच्या हातात भरलेलं घमेलं, मागच्या बाईच्या हातात दुसरं, तिच्या मागच्या बाईकडं तिसरं. रांग खालपर्यंत थबकली.

"माल कुटं हाय?" वरून कोंडिबा ओरडला. "हितं कड सुकाया लागलीया."

"जागा भरा," हैबतराव म्हणाला.

कुणी भरली नाही. त्यानं गड्यांकडं पाहिलं. गडी फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. बायांच्या रांगेत उभं राहून घमेली झेलायची गड्यांना लाज वाटे, म्हणून तर ते काम बायांकडं आणि कमी मजुरीचं. ती लाज आज पहिल्यांदा बायांच्या उपयोगी पडली.

"साळूबाई, तुमाला सांगतोय."

"ती जागा बानूची हाय," साळूबाई म्हणाली. भरलेलं घमेलं तिनं खाली ठेवलं नाही. "ती उभी ऱ्हायल्याबिगर माल वर जात न्हाई."

हैबतरावानं कोंडिबाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. जीप अजून दिसत नव्हती.

"जा, जागेवर उभी ऱ्हा," तो बानूला म्हणाला. दोन पावलं गेला आणि वळला. "स्लॅब काय, सांजच्याला संपंल. उद्या हायेच की."

बानू जागेवर आली. साळूबाईनं तिला घमेलं दिलं, तिनं सारजाला. माल वर जाऊ लागला. जिंकल्याचा आनंद कुणाच्याच तोंडावर नव्हता, कारण मुकादम बोलला ते खरं होतं. उद्या खडी फोडायची. खडी फोडायला रांग लागत नाही. जी ती बाई आपापल्या ढिगापाशी एकटी बसते.

आठ-दहा घमेली गेल्यावर बानूनं हळूच विचारलं, "आन् उद्या, मावशी?"

साळूबाईनं पुढचं घमेलं तिच्या हातात ठेवलं.

"उद्या तांदूळ निवडाया समद्याच जाऊ," ती म्हणाली. "आपापलं सूप घिऊन."