मावशीची पाटी

“मोठ्यानं वाच, आई. मनातल्या मनात नाही.”

“मला वाचता येतं. तू जन्मायच्या आधीपासून.”

“मग वाच ना!”

आईनं मसुद्याचा कागद लांब धरला, जवळ आणला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. तीन दिवस हेच चाललं होतं. परवा चष्मा सापडत नव्हता, काल शेजारीण आली म्हणून कागद उशीखाली गेला. आज मात्र पाचच्या आत तो ओतकामाच्या कारखान्यात पोचायलाच हवा होता. रस्ता रुंद करताना मावशीच्या नावाचा जुना स्मृतिदगड यंत्राखाली फुटला होता आणि नव्या पाट्यांची यादी आज बंद होणार होती. घरच्यांची सही नाही, तर पाटी नाही.

लेकीची नोकरीच ती होती. रस्त्याकडेला उभ्या असतात त्या इतिहासाच्या पाट्या: इथे छापखाना जळला, इथे अमक्यानं तमकं केलं. अठ्ठावीस वर्षं ती हेच करत होती. ऑफिसात तिला सगळे पाटीवाल्या बाई म्हणत. मजकूर ती शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे तपासायची, कारण अर्थ लागला की डोळा चुका गिळून टाकतो. तरी एकदा घात झालाच. पुलावरून पडून गेलेला म्हणून ज्याचं नाव पाटीवर ओतलं, तो अनावरणाला दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. गेला होता त्याचा भाऊ. तेव्हापासून बाईंनी नियम केला: घरच्या माणसानं मजकूर मोठ्यानं वाचायचा, मगच सही करायची.

नियम आईलाही लागू होता.

“‘या ठिकाणी टेलिफोन एक्स्चेंज होते,’” आईनं सुरुवात केली. “‘धरण फुटल्याचे कळताच ऑपरेटर...’” ती अडखळली, पुढचे शब्द ओलांडून गेली. “‘यांनी खोलीत पाणी शिरल्यावरही खालच्या सात गावांना फोन लावून सावध केले. सातव्या गावाशी बोलत असताना लाईन तुटली.’”

“नाव राहिलं.”

“दिसलं मला.”

“मग म्हण की.”

“म्हणते. घाई आहे का तुला?”

“आहे! पाच वाजताची आहे!”

मावशी तिला आठवत नव्हती. सहा महिन्यांच्या बाळाला काय आठवणार? आई आणि मावशी वर्षाच्या अंतरानं झालेल्या. एक्स्चेंजमध्ये दोघी आळीपाळीनं बसत. आवाज इतके सारखे की लोक फोन उचलून आधी विचारत, “थोरली की धाकटी?” लेकीचे वडील तर ती पोटात असतानाच गेले होते. पुरानंतर गाव पांगलं. आई तिला कडेवर घेऊन या शहरात आली, शिलाई मशीन घेतलं आणि लेकीला एमएस्सी केलं. दरवर्षी दोघी त्या दगडाला भेटायला जात. आई ओल्या फडक्यानं अक्षरं पुसायची. नावापाशी आली की तिचा हात मंद व्हायचा.

“कशी होती गं मावशी?” बाईंनी विचारलं. आईला बोलतं केलं की तिचे हात आपोआप चालू लागतात, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

“वेडी होती. हट्टी. रोज डबा विसरायची.”

“थोरल्या बहिणीला वेडी म्हणतेस?”

“मला हक्क आहे तेवढा.”

“आणि त्या दिवशी तू का नव्हतीस तिथे?”

आईनं कागदाची दुमडलेली कड नखानं सरळ केली. “तुला ताप होता. पहाटेपासून रडत होतीस. एकीला घरी थांबणं भाग होतं आणि तू एकीच्याच खांद्यावर गप्प व्हायचीस.”

“म्हणजे माझ्यामुळे तू वाचलीस.”

“तुझ्यामुळेच. ती निघाली, दारातून परत आली, तुझं कपाळ चाचपलं. म्हणाली, उतरला की फोन कर. दुपारी तुला कडेवर घेऊन समोरच्या दुकानातून केला. ‘उतरला,’ एवढंच म्हटलं. ती हसली. म्हणाली, ‘बरं झालं. आता ठेव, मला लाईन मोकळी हवीय. आणि वर चढा, लवकर.’ दुकानदारानं आपल्याला गच्चीवर ओढून घेतलं.”

बावन्न वर्षांत आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

“आई, एवढा त्रास होत असेल तर राहू दे. मी यादीतून काढायला सांगते.”

“राहू दे?” आई ताठ बसली. “सात गावं वाचवली तिनं, आणि राहू दे?”

“मग सही कर. एकदा ब्राँझमध्ये गेलं की गेलं. तुझ्यामाझ्यानंतर गाडी थांबवून जो कुणी वाचेल, त्याच्यासाठी तेवढंच खरं.”

सव्वाचार वाजले होते. आई तिच्याकडे बघत राहिली.

“मी तुला काही कमी केलं का गं?”

“आता हे काय मधेच?”

“सांग ना.”

“गणितासाठी दोनदा मारलंस. बाकी तक्रार नाही.”

“तिसऱ्यांदाही मारायला हवं होतं.” दोघी हसल्या. हसता हसता आईनं डोळे पुसले. “पेन दे. ते नाही, तुझं तांबडं.”

“चूक आहे?”

“आहे. बस इथे, माझ्याजवळ.”

आईनं मावशीच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि तिच्या वर ठसठशीत अक्षरांत, पाटीवाल्या बाईंनी शाळेपासून आजवर प्रत्येक अर्जात ‘आईचे नाव’ या रकान्यात भरलेलं नाव लिहिलं.