वापरात नसलेली जागा

नव्या ऑफिसच्या पूजेला गुरुजींनी विचारलं, "यजमान, गोत्र?"

"आत्ता तर होतं हो जिभेवर!" टिपणीससाहेब गडबडले. सगळे हसले.

हिशेब बघणारी शर्वरी मात्र हसली नाही. बजेट बसेना म्हणून सर्व्हरचा खर्च तिनंच कापला होता. आता कंपनीची सगळी माहिती साहेबांसकट कर्मचाऱ्यांच्याच डोक्यांत साठत होती. "आम्ही फक्त वापरात नसलेली जागा घेतो," ही सोय विकणारा म्हणाला होता.

"अगं बाई, एसी चालू असून घाम कसला?" शेजारच्या नंदाताईंनी विचारलं.

शर्वरीनं घाबरून डोळे मिटले आणि गेलेल्या आईची अंगाई आठवून पाहिली. आईचा आवाज आला, तसाच ओला, सायीसारखा मऊ. त्याच चालीवर आई पावत्यांचे नंबर गात होती.