मोठी आई हजर होती तेव्हा

२०२४ साल. माघातला पट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा मेळा, तोंडावर आला होता. सिंदी रेल्वेजवळच्या त्या गावात रुपेश चुलत्याच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून बसला होता, आणि त्याचे वडील रूपराव गोठ्याकडे बोट दाखवून तावातावाने बोलत होते.

"मालकाले तुडवणारी जोडी दावणीले ठेवून राह्यला हा धीरज! वहिनी, तुमीच सांगा, अजून किती दिवस?"

रुपेशची मोठी आई, म्हणजे थोरली काकू कमलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मुके जीव आहेत भाऊजी. चुकलं त्यायचं."

रूपराव नरमले. शेवटी त्यांच्या मुलाकडे, धीरजकडे वळून म्हणाले, "आपल्या गावच्या पटात पहिली आली तर राहू दे. नाई आली तर इकून टाकजो. मग काकावर राग नको धरू."

धीरजने मान डोलावली. वजीर आणि खैऱ्या वासरं होती तेव्हापासून त्याने त्यांना हाताने वाढवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी रुपेशचे चुलते, धीरजचे वडील भैयाजी गोठ्यात मरून पडलेले सापडले. छाती चेपलेली, डोकं फुटलेलं. घरात एकट्या कमलाबाई होत्या. बैल बिथरले, त्यांनी सांगितलं. गाव काठ्या घेऊन धावलं, तेव्हा कमलाबाईच बैलांच्या आडव्या उभ्या राहिल्या. "मारू नका, मी माफ केलं." त्या दिवसापासून बायका त्यांच्या पाया पडत.

रुपेश नागपूरला एका कंपनीत घोड्यांच्या शर्यतींचे अहवाल बनवायचा. घोडा मागे कसा पळाला, पाठीवर वजन किती होतं, मैदान ओलं होतं की कोरडं, स्वार कोण होता, यावरून पुढच्या शर्यतीचा अंदाज बांधायचा. पूर्वी पट डोळ्यांवर चालायचा. म्हातारे बांधावर बसून खुरांच्या आवाजावरून निकाल सांगत, बायका शिदोऱ्या घेऊन बैलबंड्यांत बसून येत. आता पळायच्या पट्ट्याला दोन्ही टोकांना घड्याळाची यंत्रं लागतात, आणि धुरळा खाली बसायच्या आत निकाल मोबाइलवर येतो. मग घोड्यांचं गणित बैलांना का चालू नये?

त्याने जोडीच्या सगळ्या धावांचे व्हिडिओ पाहिले. दिसेल ते नोंदवलं. जमीन, ऊन, वारा, खुराक, गर्दी.

"काय निघालं बे, सायंटिस्ट?" धीरजने विचारलं.

"खुराकानं काई फरक नाई. जमिनीनंबी नाई. एकच गोष्ट आहे." रुपेशने आवाज खाली आणला. "मोठी आई पटावर आल्ती, त्या दिवशी जोडी वाऱ्यासारखी पळाली. आली नाई, त्या दिवशी बाजारात चालल्यावानी."

"आई तर नुसती मागं उभी राह्यते. झेंडी पडायच्या आधी पाठीवर हात फिरवते."

"तेच तर! हात लागला का अंगावर शहारा येते त्यायच्या, व्हिडिओत दिसते. माया आहे बावा. मागं उभी राहून एवढं, तर समोर उभी राह्यली तर? घोडाबी ओळखीच्या माणसाकडं ओढ घेते."

धीरज हसला नाही. गोठ्याकडे बघत म्हणाला, "आईनं गव्हाणीत भाकर ठेवली, तर ती जायेपर्यंत तोंड लावत नाईत दोघंबी."

"मान ठेवतात तिचा," रुपेश म्हणाला आणि अहवाल बंद केला.

पटाच्या दिवशी कमलाबाई आधी नको म्हणाल्या. "माह्यं काय काम तिकडं टोकाले? मी आपली मागंच बरी."

"मोठी आई, जोडी राह्यली पायजे ना? मंग चाल," म्हणत रुपेशने त्यांना हाताला धरून शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन उभं केलं.

झेंडी पडली. छकड्यावरून धीरजने आरोळी ठोकली आणि जोडी सुटली. पहिल्या निम्म्या पट्ट्यात लोक ओरडायचेही विसरले, अशी धाव. रुपेशने कमलाबाईंना सांगितलं, "हात कर, मोठी आई!"

त्यांनी हात वर केला.

बैलांनी चारी पाय मातीत रोवले. छकडा उलटला, जू सुटलं, आणि धीरज थेट बैलांच्या पुढ्यात फेकला गेला.

"तुडवते रे, याले बी तुडवते!" रूपराव किंचाळले.

वजीरने पाय उचलून धीरजला ओलांडलं. खैऱ्या दुसऱ्या बाजूने आला. त्याला मधोमध घेऊन दोघं उभे राहिले. रूपराव धावत पोहोचले, त्यांना वाट दिली. रुपेश वजीरच्या पोटाला खेटून आत वाकला, तरी शेपूट हललं नाही.

मग लुगडं सावरत कमलाबाई धावत आल्या. "माह्या लेकरा!"

दोन्ही बैलांनी शिंगं खाली घेतली. पाठीवर तोच शहारा, जो रुपेशने माया समजून नोंदवला होता. घशातून असा आवाज निघाला, जो रुपेशने कुठल्याच व्हिडिओत ऐकला नव्हता.

धीरजने पडल्या पडल्या आधी बैलांकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई," तो म्हणाला, "तू तिथंच थांब."

कमलाबाई थांबल्या. का, असं त्यांनी विचारलं नाही. "विकून टाका दोघायले," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून घराकडे वळल्या.

पट दुसऱ्याच जोडीने जिंकला. वजीर-खैऱ्याला मात्र रूपरावांनी बाजार दाखवला नाही. स्वतःच्या गोठ्यात नेऊन बांधलं. रूपरावांची नात मयुरी बैलांच्या पोटाखालून लपंडाव खेळते. रुपेश नागपूरला परतला, पण आपलं गणित उलटं निघाल्यावर घोड्यांचं काम सोडून विमा कंपनीत लागला. कमलाबाई अजून त्याच घरात एकट्या राहतात, आणि सणावाराला बायका त्यांच्या पाया पडतात. धीरज काकाकडे राहायला गेला. थंडी असो की पाऊस, खाट मात्र तो गोठ्यातच टाकतो, त्या दोन बैलांच्या मधोमध.