ताईंच्या पडद्यावरचा तराणा

घोट्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी हेमांगीने तराणा चित्रित केला आणि तो दाखवायला ती आपल्या कथकच्या गुरूंकडे, शालनताईंकडे आली. पण ताईंच्या पडद्यावर सगळा वेळ तिचा चेहराच दिसत राहिला.

"अगं, पाय कुठायत?" ताईंनी विचारलं.

हेमांगी वैतागली. कॅमेरा जागचा न हलवता, डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा सबंध नाच तिने एका शॉटमध्ये दिला होता. पण हल्ली कुठलाच पडदा नाच सलग दाखवत नसे. बघणाऱ्याची नजर जिथे रेंगाळेल तेवढंच तो जवळून दाखवायचा आणि बाकीचं कापून टाकायचा. ते बंद करायची सोयच नव्हती.

"ताई, पायांकडे बघा, म्हणजे पाय दिसतील."

"बघतेय गं. पण तुला दुखतंय का, ते बघायला नजर वर जाते."

तिसऱ्यांदाही चेहराच आला. हेमांगीने चिडून पडदा बंद केला, टीपॉय सरकवला, घुंगरू बांधले आणि ताईंसमोरच तत्कार सुरू केला. पावलं खणखणीत पडत होती.

"ताई, खाली बघा ना!" ती नाचता नाचता ओरडली.

ताईंनी हो म्हणून मान हलवली, पण त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत.